बिल्ला नंबर चारशे सतरा

रिघा न्याम्बूला स्वतःच्या थडग्यावरच्या क्रॉसवर तीन ओळी हव्या होत्या. पहिली नावाची, दुसरी जन्म-मृत्यूची, आणि तिसरी बापाची: न्याम्बू, लष्करी रेल्वे, अमुक तारखेला, अमुक ठिकाणी वारला. पहिल्या दोन ओळींची त्याला काळजी नव्हती. तिसरीतली तारीख त्याच्याकडे नव्हती.

नोव्हेंबर १९८५ मध्ये केनियातल्या वोई गावच्या इस्पितळातल्या डॉक्टरने त्याच्या छातीचा फोटो खिडकीपाशी धरून पाहिला आणि मुलीला बाहेर बोलावलं. मुलगी सारू, एकोणचाळीस वर्षांची, वोईच्याच प्राथमिक शाळेत शिकवायची. ती आत परतली तेव्हा रिघा शर्टाची बटणं लावत होता.

"किती म्हणाला?"

"औषधं लिहून दिलीत, बाबा."

"एकतीस वर्षं रुळावर काढलीत मी. सिग्नल पडलाय की नाही ते मला लांबून कळतं. एप्रिलचा पाऊस बघेन का?"

"एप्रिलचा बघाल."

"मग शाळेला सुट्टी लागली की नैरोबीला जा. सरकारी दप्तरात जुने कागद असतात म्हणे. बापाची तारीख काढून आण. नंबर ठाऊक आहेच तुला."

नंबर घरात सगळ्यांना ठाऊक होता. चारशे सतरा. १९१५ मध्ये इंग्रजांच्या फौजेने जर्मनांशी लढण्यासाठी वोईपासून तावेताच्या दिशेने घाईने रूळ टाकायला घेतले, तेव्हा ताइता लोकांच्या टेकडीवरून जी माणसं खाली नेली त्यांत न्याम्बू होता. प्रत्येकाच्या गळ्यात नंबराचा टिनचा बिल्ला असे. एकदाच तो दोन दिवसांच्या रजेवर घरी आला, तेव्हा त्याने बिल्ला बायकोला दाखवला आणि नंबर पाठ करून घेतला. पुढे युद्ध संपलं, बायको म्हातारी झाली, तरी तिला देवाच्या प्रार्थनेआधी तो आकडा आठवे. रिघा मोठा होऊन त्याच मार्गावर गँगमध्ये लागला आणि मुकादम होऊन निवृत्त झाला. बापाने टाकलेले स्लीपर आपण बदलले, असं तो सांगायचा.

न्याम्बू मैल एकतीसच्या छावणीत मेला, एवढंच घरात माहीत होतं, आणि त्याला घरी आणलं होतं हेही.

त्या काळी टेकडीवर माणूस पुरून संपत नसे. वर्ष-दीड वर्षाने कवटी उकरून काढत, स्वच्छ करत, आणि गावावरच्या कपारीत त्याच्या बापजाद्यांशेजारी एका सपाट दगडावर ठेवत. परक्या मातीत राहिलेला माणूस घरच्यांना झोपू देत नसे. १९१७ मध्ये तीन वर्षांच्या रिघाचे पाय गेले. तो उभा राहीना. कौल सांगणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं की बाप बाहेर पडलाय, त्याला घर हवंय. रिघाचा थोरला काका म्बोघो दोन दिवस चालून मैल एकतीसला गेला, चारशे सतरा नंबरची पाटी असलेली कबर शोधली, आणि फडक्यात बांधून भावाचं डोकं घेऊन आला. महिन्याभरात रिघा चालायला लागला. त्यानंतर टेकडीवर मिशन आलं, लोक चर्चच्या आवारात पुरले जाऊ लागले, आणि कपारीतली ओळ तिथेच थांबली. न्याम्बू तिच्यातला शेवटचा, एकोणिसावा.

रिघा चर्चला जायचा आणि कपारीतही जायचा. दरवर्षी कापणी झाली, दिवस कोरडे झाले, की उसाची दारू घेऊन वर चढायचा, बापापुढे बसायचा आणि वर्षाचा हिशोब सांगायचा: कोण मेलं, कोण जन्मलं, कुठल्या साहेबाने शिवी दिली. पास्टरला हे माहीत होतं. पास्टरचा आजाही त्याच ओळीत होता.

सारू डिसेंबरात नैरोबीला गेली. दप्तरखान्यातल्या कारकुनाचं नाव ओडेरा. सरोवराकाठचा, लुओ जमातीचा, पन्नाशीचा, अंगात लोकरीचं जाकीट, टेबलावर दुधाच्या चहाचा थर्मास. ती शाळेत शिकवते हे कळल्यावर तो तिला म्वालिमू, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणू लागला.

"लष्करी रेल्वे?" तो म्हणाला. "म्वालिमू, साहेबांच्या घोड्यांची नावं हवी असतील तर आत्ता काढून देतो. खेचरं हवी असतील तर रंगासकट मिळतील. माणसांचं जरा अवघड आहे."

"माणसाचंच हवंय. वडिलांच्या वडिलांचं."

"ताइता?"

"हो."

"मग बसा. डोंगरातली माणसं चिवट, हात हलवत जात नाहीत. मला ठाऊक आहे, माझा घरमालक ताइताच आहे."

ती आठ दिवस बसली. गठ्ठे वाळवीने खाल्लेले होते, काहींवर पाणी सांडलेलं होतं. स्लीपर, पाण्याच्या टाक्या, डबे, चुना, कुनैन यांच्या याद्या होत्या. नवव्या दिवशी ओडेराने मैल एकतीसच्या छावणीचं मस्टर आणून ठेवलं. चारशे सतरापुढे नाव होतं: न्याम्बू, ताइता, गँग सहा, भरती मे १९१५. सारूने ते वहीत उतरवलं. मग शेरा वाचला. २६ फेब्रुवारी १९१६, पुढच्या छावणीत बदली, बिल्ला जमा.

"बदली," ती म्हणाली. "मग तो मैल एकतीसला मेला कसा?"

ओडेराने चष्मा वर केला. "पुढचं पान बघू."

पुढच्या पानावर मार्चची हजेरी होती. चारशे सतरा: ओबिलो, लुओ, आलेगोचा, भरती १ मार्च १९१६. शेरा: ९ मे १९१६, हगवणीने मृत्यू, इथेच पुरला.

बिल्ले कमी होते आणि माणसं येत-जात होती. माणूस पुढे गेला की त्याचा बिल्ला मागच्याच्या गळ्यात पडे. कबरीवर ठोकलेल्या फळीवर नाव नसे, बिल्ल्याचा नंबर असे.

"तुमच्याकडे कोणी त्या कबरीपाशी गेलं होतं का?" ओडेराने विचारलं.

सारूने त्याला कपारीबद्दल सांगितलं. ओडेरा ऐकत राहिला, मग सवयीने बोलून गेला, "म्हणजे आमचा माणूस सत्तर वर्षं तुमच्या डोंगरात? विचारा तुमच्या मझेंना, म्हाताऱ्या वडिलांना, स्वप्नात मासळीचा वास येतो का." बोलल्यावर त्याने थर्मासचं झाकण घट्ट केलं, पुन्हा उघडलं, आणि तिच्यासाठी चहा ओतला. "माफ करा, म्वालिमू. जीभ आहे, घसरते."

"न्याम्बूचं पुढे काय झालं, ते कुठे मिळेल?"

"शोधतो. आणि एक सांगू? आलेगो माझ्या सासरवाडीजवळ आहे. या ओबिलोची माणसंही कुठेतरी असतील."

नाताळ होईपर्यंत सारूने घरी काही सांगितलं नाही. रिघानेही विचारलं नाही. सव्वीस तारखेला दुपारी अंगणात उन्हात बसलेला असताना तो म्हणाला, "तुझ्या ताटातलं मटण तू तीन दिवस बघतेस, खात नाहीस. बोल."

तिने वही उघडून तारखांसकट सगळं वाचून दाखवलं. रिघाने मध्ये एकदाही अडवलं नाही. खोकल्याची उबळ आली, ती जाऊ दिली, आणि मग तो हसला.

"कागद खोटा आहे."

"बाबा, मी स्वतः पाहिलंय."

"तू कागद पाहिलास. मी दात पाहिलेत. लुओ माणूस खालचे सहा दात काढतो, वरच्यांना हात लावत नाही. आमची माणसं वरचे दात टोकदार करत. कपारीतल्या त्याचे वरचे पुढचे दोन दात अजून आहेत आणि दोन्ही टोकदार आहेत. सांग तुझ्या त्या मासेखाऊ कारकुनाला."

"आणि खालचा जबडा?"

"तो काकाने आणला नाही. मोडला होता म्हणाला."

थोड्या वेळाने त्याने काठी आणि चष्मा मागितला.

कपारीपर्यंतची वाट धडधाकट माणसाला अर्ध्या तासाची. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालेल्या रिघाला तीन तास लागले. सारू मागे पाण्याची बाटली घेऊन होती. कपारीच्या तोंडाशी ती थांबली, कारण बायका आत जात नसत. रिघा आत गेला. अठरा कवट्या एका ओळीत, मग वीतभर मोकळी जागा, मग एकोणिसावी. त्या मोकळ्या जागेबद्दल त्याने लहानपणीच काकाला विचारलं होतं. काका म्हणाला होता, तिथे पावसाचं पाणी गळतं, म्हणून सोडली.

रिघाने कवटी उचलून उजेडात आणली. वरचे दोन दात होते तसे होते, टोकदार. त्याने चष्मा पुसला आणि कवटी नाकाजवळ आणली. लहानपणी गावातल्या म्हाताऱ्यांचे दात त्याने पाहिले होते. छिन्नीने पाडलेले, आणि मग वर्षानुवर्षांच्या खाण्याने घासून गुळगुळीत झालेले. या दातांच्या कडा तशा नव्हत्या. दोन्ही बाजूंना आडव्या, बारीक, एकमेकींना समांतर रेघा होत्या. रुळाची कापलेली टोकं कानशीने घासताना अशाच रेघा उठतात. एकतीस वर्षं त्याने पोरांना हेच ओरडून सांगितलं होतं की कानस एकाच दिशेने चालवा. इथे चालवणाऱ्याने एकाच दिशेने चालवली होती.

हे काम मेलेल्या माणसावर झालं होतं.

खाली येताना तो चार वेळा बसला. तिसऱ्या वेळी म्हणाला, "काकाला उकरतानाच कळलं असणार. खाली सहा दात नाहीत म्हटल्यावर आंधळ्यालाही कळेल."

"मग आणलं का?"

"घरी माझे पाय गेले होते. आई दारात बसून होती. कौलवाला रोज येऊन विचारत होता. रिकाम्या हाताने कसा येईल?" थोडं थांबून त्याने दम घेतला. "जबडा टाकून दिला, छावणीतून कानस मिळवली, आणि बसला असेल कुठेतरी झाडाखाली घासत. चौतीस वर्षं माझ्याशेजारी जेवला. एकदा म्हणून बोलला नाही."

चौथ्यांदा बसला तेव्हा तो वेगळंच बोलला. "दरवर्षी बायकोच्या तक्रारी घेऊन गेलो मी त्याच्यापुढे. ताइतातून. त्या बिचाऱ्याला एक शब्द कळला नसेल."

सारूला हसू आलं, आणि मग आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. रिघा तिच्याकडे न बघता म्हणाला, "पण पाय तर आले होते माझे. कोणी आणले? त्यानंच ना."

त्या दिवसानंतर तो वर चढू शकला नाही. जानेवारीत अंगणही बंद झालं. तो पलंगावर पडून रेडिओ ऐकायचा आणि टपाल आलं का विचारायचा. क्रॉससाठी सिमेंटचं काम करणारा गवंडी दोनदा मजकूर मागायला आला. रिघाने त्याला परत पाठवलं. "बापाची तारीख येऊ दे. घाई तुला आहे की मला?"

मार्चच्या मध्यावर ओडेराचं जाड पाकीट आलं. सारूने पलंगाशेजारी बसून वाचलं.

न्याम्बूबद्दल अर्धं पान होतं. पुढच्या छावणीत त्याला अठ्ठ्याऐंशी नंबरचा बिल्ला मिळाला होता. नोव्हेंबर १९१६ च्या यादीत तो होता. हद्दीपलीकडे, जर्मनांच्या मुलखातली रेल्वे दुरुस्त करायला पाठवलेल्या दोनशे दहा माणसांत. त्या तुकडीचं मस्टर मिळालं नाही. ओडेराने तीन ठिकाणी विचारलं होतं. परत आलेल्यांच्या यादीत अठ्ठ्याऐंशी नव्हता. मेलेल्यांच्या यादीतही नव्हता.

"म्हणजे तारीख नाही," रिघा म्हणाला.

"नाही, बाबा."

"जागा?"

"नाही."

"पुढे वाच."

ओडेरा स्वतः आलेगोला जाऊन आला होता. ओबिलोचा नातू सापडला होता, बकऱ्या पाळणारा, साठीचा माणूस. ओडेराने त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहून पाठवलं होतं. आमचा आजा रेल्वेवर गेला आणि आला नाही. युद्ध संपल्यावर आम्ही यागो झाडाचं फळ आणलं, माणसाच्या दंडाएवढं, आणि त्याच्या नावाने पुरलं. त्याच्यासाठी रडलो, डोकी भादरली, आजीचा हात त्याच्या भावाच्या हातात दिला. ती कबर बंद आहे. आता त्याचं डोकं घरी आलं तर एका माणसाच्या दोन कबरी होतील, आणि दुसरी कोणाची ते आम्हाला शोधावं लागेल. तुम्ही त्याला पावसापासून सांभाळलंत. तिथेच राहू द्या. त्याला तपकीर आवडायची असं आजी सांगे. दारू ओतत असाल तर चिमूटभर तीही ठेवा.



"तपकीर," तो म्हणाला. "सत्तर वर्षं मी ऊस पाजत बसलो."

"बाबा, आपणही एक फळ आणून..."

"नको. फळ कुजतं. त्यांची रीत त्यांना." तो कुशीवर वळायचा प्रयत्न करत होता. सारूने त्याला वळवलं. "तू वर जायचंस."

"बायका आत जात नाहीत."

"नियम सांगणारे सगळे त्या ओळीत आहेत. त्यांच्यातला कोणी उठून तुला हाकलायला आला तर माझं नाव सांग. तपकीर घेऊन जा. आणि तो माझ्या बापाच्या जागी बसलाय, त्याला एक वीत पलीकडे सरकव. आता तो बसलाय ती जागा बापाला राहू दे. काकाने सोडलेली ती गळकी नव्हे, कळलं? ओल्यात ठेवू नकोस त्याला. कोरडी जागा मोकळी कर."

"रिकामी जागा ठेवून काय होणार, बाबा?"

"रेल्वेत रजेवरच्या माणसाच्या जागी दुसरा माणूस काम करतो. पण मस्टरमधून नाव काढत नाहीत," रिघा म्हणाला. "आमच्या काळी तरी काढत नव्हते."

शाळेला एप्रिलची सुट्टी लागेपर्यंत पाऊस सुरू झाला होता. सारू गेली त्या दिवशी तर पहाटेपासून धरला होता. वाटेचा ओढा झाला होता, आणि कपारीच्या तोंडावर पाण्याचा पडदा पडत होता. ती त्यातून आत गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. कोणी उठून हाकलायला आला नाही.

तिने मोजलं. अठरा, मग जागा, मग एकोणिसावा. तिने तपकिरीची पुडी उघडून त्याच्यापुढे ठेवली. मग त्याला सरकवायला दोन्ही हातांनी धरलं, आणि आधी खालचा दगड मोकळा करावा म्हणून बाजूचा पाचोळा हाताने लोटला. दगड नव्हता. अठराच्या अठरा कवट्यांखाली सपाट दगड होते. एकोणिसावी नुसत्या मातीवर बसली होती.

सारूने पाचोळा आणखी लोटला, ओळीच्या दिशेने, त्या गळक्या जागेपर्यंत. तिथे बोटांना दगड लागला. तिने तो झाडून काढला. सपाट, गोलसर, इतरांसारखाच आणून बसवलेला, कडेने बारीक खडे ठोकून पक्का केलेला. त्यावर जाड धूळ होती. तिने तळवा टेकला आणि वर पाहिलं. बाहेर पाऊस कोसळत होता. वरच्या खडकावर ओलीचा डागही नव्हता, शेवाळ नव्हतं, पाणी कधी आल्याची खूण नव्हती. ती तिथे अर्धा तास बसली. तळव्यावर एक थेंब पडला नाही.

तिने काहीच सरकवलं नाही.

खाली आली तेव्हा ती चिंब झाली होती. रिघा जागा होता.

"सरकवलंस त्याला?"

"बाबा, ती जागा गळत नाही."

"कुठली?"

"मधली. काकांनी सांगितलेली. एवढ्या पावसातही कोरडी आहे. खाली दगड बसवलेला आहे. त्या दुसऱ्याखाली दगडच नाही."

रिघाने तिला पुन्हा सांगायला लावलं. तिने सांगितलं. मग त्याने विचारलं, दगडाच्या कडेने खडे ठोकलेत का. ती हो म्हणाली. तो डोळे मिटून पडला. श्वास घेताना त्याच्या छातीत आवाज येत होता.

"मी नेहमी कोरड्या दिवसांत गेलो," तो शेवटी म्हणाला. "एकदा तरी पावसात जायला हवं होतं. काका होता तोवर."

तो मे महिन्याच्या चौदा तारखेला गेला. गवंडी मजकूर घ्यायला आला तेव्हा सारूने कागद दिला. दोन ओळी पूर्ण होत्या. तिसरीत होतं: न्याम्बू, लष्करी रेल्वे.

"तारीख?" गवंड्याने विचारलं.

"नाही."

"मग ओळ मधोमध घेतो. बरी दिसेल."

"नको," सारू म्हणाली. "डावीकडून सुरू करा. पुढची जागा राहू द्या."